बँड नाही, फक्त माईक

नमस्कार मंडळी. मँचेस्टर, साधारण १९७७-७८, छोटासा क्लब, पब्लिक आलंय बझकॉक्स नाहीतर द फॉल असल्या पंक, म्हणजे दणदणीत बंडखोर रॉक वाजवणाऱ्या, बँडच्या गिटारी ऐकायला आणि स्टेजवर येतो कोण, तर कवी! एकटाच. काडीपैलवान, अंगाला चिकटलेला सूट, रात्रीचा काळा गॉगल, केस असे पिंजारलेले की बाकीचा माणूस त्यांच्याखाली टांगलाय असं वाटावं. हा जॉन कूपर क्लार्क, शेजारच्या सॅल्फर्डचा. आता पंक पब्लिक म्हणजे थुंकणार, ग्लास फेकणार, पण हा पठ्ठ्या श्वास न घेता कविता सोडायचा, यमकावर यमक, समोरचा शिवी द्यायला तोंड उघडेपर्यंत हा चार ओळी पुढे.

हे पुस्तकात वाचून कळतच नाही हो. रेकॉर्ड आहेत, १९७८ ला सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने डिसगाइज इन लव्ह काढली, प्रोड्यूसर मार्टिन हॅनेट, तोच जॉय डिव्हिजन बँडवाला, पण कवितेखाली बँड घातला आणि माझ्या मते तिथेच जरा माती खाल्ली, कारण बीट आला की कवीला त्याच्या चालीने चालावं लागतं आणि हा गडी पळणारा.

म्हणून फिल्म बघायची. अर्घ! अ म्युझिक वॉर नावाची कॉन्सर्ट फिल्म आहे, शूटिंग १९८० चं, द पोलीस, डीवो, द क्रॅम्प्स असे एकाहून एक बँड आणि त्यांच्यात हा एकटा हेल्थ फॅनॅटिक म्हणतोय, फिटनेसचं खूळ डोक्यात गेलेल्या माणसाची खिल्ली (तुमच्या सोसायटीतही असेलच एखादा, पहाटे पाचला दोरीच्या उड्या मारणारा). कितीतरी वर्षं तिची धड डीव्हीडी मिळत नव्हती, २००९ ला कुठे वॉर्नरने ऑर्डरप्रमाणे बनवून द्यायला सुरुवात केली.

दुसरी १९८२ ची, टेन इयर्स इन ॲन ओपन नेक्ड शर्ट, ही त्याच्यावरच आहे आणि त्यात लिंटन क्वेसी जॉन्सन हा दुसरा कवीही दिसतो. हा जमैकात जन्मला, लंडनला शाळेत असतानाच तिथल्या ब्लॅक पँथर चळवळीत शिरला. पँथर म्हटलं की आपले कान टवकारतातच, अमेरिकेतल्या त्याच नावावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षी ढसाळांचा गोलपिठा आला. त्या दिवसांत ढसाळांना भरसभेत ऐकलेलं कुणी तुमच्या घरात, ओळखीत असेल तर विचारा ना त्यांना, कसे बोलायचे, कुठे थांबायचे, लोक काय करायचे, आणि विचारताना मोबाईलचा रेकॉर्डर तेवढा चालू ठेवा.