उबवणीची अंडी टपालाने पाठवताना

नमस्कार. कोल्हापुरातून गावरान किंवा कडकनाथ कोंबडीची उबवणीची अंडी परगावी पाठवणाऱ्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: अंडे न फुटता पोहोचले, म्हणून ते उबेलच असे नाही. बोथट टोकाला, कवचाखालच्या दोन पापुद्र्यांमध्ये, हवेची पोकळी असते. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जाणाऱ्या गाडीत पार्सल तासन्‌तास हादरत राहिले, तर ही पोकळी जागची सुटू शकते आणि वरून धड दिसणारे अंडे वाया जाते. म्हणून धक्क्याइतकाच हादऱ्याचाही बंदोबस्त हवा.

अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंडे मोबाईलच्या टॉर्चवर धरून पाहावे. केसाएवढी रेघ दिसली, तरी ते अंडे पाठवायचे नाही, त्याची पोळी (ऑम्लेट) करायची. मळके अंडे धुऊ नये, कारण धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात. आठवड्याहून जुनी अंडीही नकोत.

आता बांधणी पाहा. बबल रॅपच्या पट्टीवर अंडे आडवे ठेवून मी दोन वेढे देतो आणि चिकटपट्टी रॅपवरच लावतो, कवचाला लागू देत नाही. दोन्ही टोके थोडी मोकळी ठेवतो, कारण अंडे कवचातून श्वास घेते आणि घट्ट प्लास्टिकमध्ये दमटपणा साचतो. मग निमुळते टोक खाली करून अंडी आतल्या खोक्यात अशी ठेवायची, की प्रत्येक दोन अंड्यांमध्ये पुठ्ठ्याची पट्टी येईल. अंड्याला सर्वांत मोठा धोका शेजारच्या अंड्याचाच असतो.

हे खोके मोठ्या खोक्यात, सर्व बाजूंनी सुमारे ५ सेंटीमीटर जागा सोडून बसवावे. आपल्याकडे भाताचे तूस स्वस्त मिळते, पण ते सुटे ओतले तर प्रवासात खाली बसते आणि वर रिकामी जागा राहते. म्हणून ते कोरडे पाहून लहान कापडी पिशव्यांत भरावे आणि त्या पिशव्या रचाव्यात. शेवटी खोके हलकेच हलवावे. आत काही सरकल्याचे जाणवले, तर आळस न करता पुन्हा उघडावे.

अंडी स्वीकारतात का, हे टपाल कार्यालयात आधीच विचारून घ्यावे आणि पार्सल सोमवारी द्यावे, म्हणजे ते रविवारी वाटेत पडून राहण्याची शक्यता कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत मी तर पाठवूच नका म्हणेन, कारण तापलेल्या गाडीत गर्भाची वाढ अवेळी सुरू होते आणि पुढे खंड पडला की तो दगावतो.

घेणाऱ्यासाठी आत एक चिठ्ठी ठेवावी: अंडी बोथट टोक वर करून, थंड जागी, एक दिवस तशीच ठेवावीत आणि त्यानंतरच इनक्युबेटरमध्ये किंवा खुडूक कोंबडीखाली घालावीत, २१ दिवसांची मोजणी तेव्हापासून धरावी.