डोके हलते, अक्षर स्थिर राहते

श्रोतेहो, नमस्कार. ऐकता ऐकता एक छोटा प्रयोग करून पाहावा. छापील मजकुराचा एखादा कागद डोळ्यांसमोर धरा आणि डोके स्थिर ठेवून तो डावीकडे-उजवीकडे झरझर हलवा. अक्षरे एकमेकांत मिसळून पुसट होतील. आता कागद स्थिर ठेवा आणि डोके तितक्याच वेगाने हलवा. या वेळी मजकूर वाचता येतो.

कागद हलतो तेव्हा डोळ्यांना दृष्टीच्याच आधाराने त्याच्यामागे जावे लागते आणि त्यात सेकंदाचा सुमारे दहावा भाग खर्ची पडतो. डोके हलते तेव्हा मात्र अंतर्कर्णातील, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका ती हालचाल टिपतात आणि त्यांचा संदेश अवघ्या तीन मज्जापेशींच्या साखळीतून, सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात, डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचून डोळे उलट दिशेला तितकेच वळतात.

डोके स्थिर असतानाही या नलिकांच्या मज्जातंतूंतून संदेश जातच असतात. माकडांच्या मज्जातंतूंत सेकंदाला सरासरी ९०च्या आसपास स्पंदनांची नोंद झालेली आहे. डोके डावीकडे वळले की डाव्या कानाची स्पंदने वाढतात, उजव्याची घटतात आणि मेंदू दोहोंतील फरक वाचतो. समजा, उजव्या कानाचा संतुलन-मज्जातंतू एकाएकी निकामी झाला. माणूस अंथरुणावर निश्चल पडलेला असतो, तरी डावी बाजू चालू आणि उजवी मुकी, म्हणून मेंदू डोके डावीकडे गरगरत असल्याचा निष्कर्ष काढतो. डोळे संथपणे उजवीकडे सरकतात, झटक्याने डावीकडे परततात, पुन्हा सरकतात. खोली फिरते आणि उलट्या होतात.

बहुतेकांची ही भोवळ काही दिवसांत ओसरते. कान बरा झाला, असा समज तेव्हा होतो. पण तो पुष्कळदा तसाच निकामी असतो. मेंदूच्या खोडातील संतुलन-केंद्रे गमावलेली स्पंदने आपल्या बळावर पुन्हा निर्माण करतात आणि दोन्ही बाजूंचा हिशेब जुळवतात.

हा हिशेब डोके स्थिर असेपर्यंतच नीट जुळतो. डोके झटकन उजवीकडे वळवले, तर निरोगी डावा कान आपली स्पंदने कमी करून ती खबर देऊ शकतो. पण स्पंदने शून्याच्या खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून वेगवान हालचालीचे माप अपुरे पडते. हाल्मागी आणि कर्थॉइस या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडलेली तपासणी यावरच बेतलेली आहे. रुग्णाने तपासणाऱ्याच्या नाकावर नजर रोखायची आणि तपासणाऱ्याने त्याचे डोके अचानक, थोडेसेच वळवायचे. बिघडलेल्या बाजूकडे वळवताना डोळे डोक्याबरोबर वाहवत जातात आणि मग टुणकन उडी मारून नाकावर परततात. कालांतराने काही रुग्णांत ही उडी डोके वळत असतानाच उरकली जाते, त्यामुळे नुसत्या नजरेला ती दिसत नाही. मेंदूची ही लबाडी मला मोठी विलक्षण वाटते.

दोन्ही कान गेले, तर फरक वाचायलाच काही उरत नाही. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविक औषधामुळे हे नुकसान सोसलेल्या एका डॉक्टराने १९५२ मध्ये लिहून ठेवले आहे, की नाडीच्या ठोक्यांनीही पानावरची अक्षरे उडत, म्हणून वाचताना ते पलंगाच्या दोन लोखंडी गजांमध्ये डोके अडकवून ठेवीत.

अशा रुग्णांना भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर ठेवून डोके हलवण्याचा व्यायाम देतात. अक्षर किंचित हलताना दिसते, त्रासही होतो. पण डोळ्यांची चूक किती झाली, हे लहान मेंदूला त्या हलण्यातूनच कळते.