आठवून बघा, दादा

(दृश्य : चाकण एमआयडीसी, पहाट. पहिल्या शिफ्टची बस.)

खिडकीशी बसलेल्या या हेल्परच्या कानात इअरफोन आहेत, पण गाणं चालू नाही. सुरक्षा प्रशिक्षणाचा व्हिडिओ चाललाय, दुप्पट वेगानं. अंगठा ‘पुढे’च्या बटणावर. कंपनीचं गेट यायच्या आत कोर्स शंभर टक्के पूर्ण होतो, प्रमाणपत्रही येतं. या मुलाला आळशी म्हणू नका. त्याला कोर्स संपवायला सांगितलंय आणि तो संपवतोय.

(दृश्य : भिंतीवरचं जुनं घड्याळ, लंबक.)

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं अशाच टिकटिकीवर, मिनिटाला 150 ठोक्यांच्या लयीत, निरर्थक अक्षरगट पाठ केले. असे सुमारे 2300 गट त्यानं तयार केले होते आणि प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. किती विसरलो हे तो कसं मोजायचा? तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागला, यावरून. तासाभरात निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेलेली असे, दुसऱ्या दिवशी जेमतेम एक तृतीयांश शिल्लक. 1885 साली हे छापून आलं. त्यातली दुसरी नोंद आम्हाला जास्त मोलाची वाटते. एकाच दिवशी 68 वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 वेळांत साधलं.

(दृश्य : टपाल कार्यालय. पत्रांचे गठ्ठे, पाकिटावरचा पिनकोड, खण.)

पिनकोडचे हे सहा आकडे आपल्याकडे 15 ऑगस्ट 1972 ला आले, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास पोस्टकोड रुळत होता. तिथं पत्रांची छाननी यंत्रावर गेली आणि पोस्टमनना कीबोर्ड शिकणं भाग पडलं. ॲलन बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी या पोस्टमनचे चार गट पाडले. एका गटाला रोज एकच तास. एकाला दिवसातून दोनदा, दोन-दोन तास. उरलेले दोन गट मधले.

रोज तासभर शिकणाऱ्यांनी 55 तासांत जे कमावलं, त्याला चार तासवाल्यांना 80 तास लागले. आता गंमत अशी, की सगळ्यात नाराज होते ते हेच तासवाले. मित्र पुढे गेले, आपण मागे राहिलो, असं त्यांना वाटायचं. दिवसांच्या हिशेबात ते खरंही होतं. आणि सर्वांत खूश कोण? चार तासवाले. 1978 सालचा हा निष्कर्ष प्रत्येक एचआरच्या टेबलावर हवा. कारण प्रशिक्षण संपलं की आपण फॉर्म भरून घेतो, ‘सत्र आवडलं का?’

(दृश्य : प्रेस शॉप, जिथं यंत्र ‘डाय’ या साच्यात पत्रा दाबून भाग बनवतं. काम चालू असताना मशीन कुणी सुरू करू नये म्हणून लावायचं लाल कुलूप, त्यावर मार्करनं लिहिलेलं नाव.)

इथं या सुपरवायझर मॅडमनी दिवसभराचं प्रशिक्षण मोडून त्याचे तुकडे केलेत. शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं, मशीनपाशीच. त्या सांगत नाहीत, विचारतात.

“सांगा दादा, डाय साफ करायचीय. आधी काय?”

“मशीन बंद. मेन बंद. कुलूप, टॅग. हवेचा दाब सोडायचा.”

“अजून एक राहिलं.”

(दृश्य : हेल्परचा चेहरा. दहा सेकंद. निवेदन नाही.)

“…स्टार्ट दाबून बघायचं. खरंच बंद आहे का.”

ही दहा सेकंदं आम्ही कापली नाहीत. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आणि एकदा वाचून मग तीनदा न बघता आठवून काढणाऱ्यांना 61 टक्के. प्रेस शॉपमध्ये एक पायरी विसरली, की बोट जातं.

मोबाईलवरचा कोर्सही असा करता येतो. व्हिडिओ दोन मिनिटांचा, प्रश्न चौथ्या दिवशी, पुन्हा पंधरवड्यानं, आणि उत्तर निवडायला पर्याय न देता.

(दृश्य : परतीची बस, संध्याकाळ.)

तीच खिडकी. फोनवर एक प्रश्न आलाय. त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवलाय, डोळे मिटलेत आणि बोटांवर पायऱ्या मोजतोय. चार झाल्या. पाचव्या बोटाशी अंगठा थांबलाय.