रात्रीचा दीड आणि तेच पान

रात्रीचा दीड वाजलाय. टेबल लॅम्प चालू, पुस्तक उघडं, आणि हायलायटर फिरवून फिरवून अख्खं पान पिवळं झालंय, म्हणजे आता त्यात महत्त्वाचं काय तेच शोधावं लागणार. अभ्यासाला बसलेली एक मुलगी तीच ओळ चौथ्यांदा वाचतेय. डोळे फिरतायत, डोक्यात काही शिरत नाही.

भिंतीवर टाइमटेबल लावलंय. तीन रंगांच्या पेनांनी, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत, एक चौकोन रिकामा नाही. (टाइमटेबल बनवण्यातच एक संध्याकाळ जाते आणि तेवढ्यावरच अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं, मीही केलंय हे.) मग एक धडा लांबतो, तो उद्यावर जातो, उद्याचा परवावर, आणि शेवटी हा सगळा बॅकलॉग झोपेतून वसूल होतो. दिवसभर शिकलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेत, आणि आपण कात्री लावतो नेमकी तिथेच.

बरं, हे काही आळशीपणामुळे होत नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली छापलेल्या एका अभ्यासात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, समजा जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? तेव्हा म्हणाले ४८.६. आणि प्रत्यक्षात लागले किती, तर ५५.५ दिवस! म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला हिशोबसुद्धा आठवडाभर कमी पडला. मग 'संपूर्ण युनिट, दोन तास' असं लिहिणाऱ्याचं काय होणार.

ब्रेकचीही तीच गत. पाच मिनिटं म्हणून फोन घेतला की पस्तीस होतात, वर डोळे आणि डोकं परत स्क्रीनलाच जुंपलेले, उठताना आधीपेक्षा जास्त थकवा. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन कॉलेजच्या पोराचंही अभ्यासात लक्ष लागत नव्हतं, म्हणून त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला आणि स्वतःशी पैज लावली, नीट दहा मिनिटं तरी बसून दाखव. त्यातून पुढे २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी अशी पद्धत तयार झाली, पोमोदोरो, म्हणजे टोमॅटोच. २५ हा आकडा काही पवित्र नाही हां, गणितात रंगात आला असाल तर चाळीस करा. पण टायमर वाजला की खुर्ची सोडायची, पाणी प्यायचं, खिडकीशी उभं राहायचं, आणि फोन दुसऱ्या खोलीत.

पुढच्या रविवारी ती नवा कागद घेते. यावेळी एकच पेन. प्रत्येक धड्यापुढे मनात आलेल्या वेळेच्या दीडपट वेळ. बुधवारची संध्याकाळ आणि शनिवारची दुपार कोरी.

"हे भरायचं राहिलं का गं?" आई विचारते.

"नाही गं, तिथे लांबलेले धडे येणारेत."

"आणि नाही लांबले तर?"

"तर झोपणारे."