नागपूर स्टेशन : चौक नव्हे, तिठा

मंडळी, नागपूर म्हणजे देशाच्या रेल्वेचा चौक, असं आपण पाहुण्यांना ऐटीत सांगतो. नकाशा समोर धरला तर दिसतो तो तिठा. उत्तरेकडून इटारसीची लाइन, पूर्वेकडून गोंदियाची आणि दक्षिणेकडून अजनीवरून येणारी वर्ध्याची. चौथा फाटा बल्लारशाहचा, आणि तो फुटतो पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामला.

असं का झालं? भुसावळकडून जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरात आली 1867 साली. पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला लाइन गेली, ती कोळशासाठी. पुढे हीच वाट बल्लारशाहकडे वाढली आणि 1929 मध्ये काझीपेठ-बल्लारशाह टप्पा जोडल्यावर दिल्ली-मद्रास मार्ग पुरा झाला. फाटा कुठे फुटावा हे कोळशाने आधीच ठरवून टाकलं होतं. पूर्वेची लाइन मुळात मीटरगेज होती, नागपूर ते राजनांदगाव. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. सावनेरच्या वालुकाश्मातली आजची इमारत 15 जानेवारी 1925 ला उघडली. जुनं स्टेशन तिच्या पूर्वेला होतं.

या रचनेचा भार सेवाग्राम-नागपूर पट्ट्यावर पडतो. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या तिथे एकाच वाटेने धावतात, शिवाय मालगाड्या. अजनीच्या आउटरवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलवर, गाडी उभी राहिली की आपण ड्रायव्हरला बोल लावतो. त्याला बिचाऱ्याला पुढचा प्लॅटफॉर्म रिकामा हवा असतो. तिसरी-चौथी लाइन हवी ती यासाठीच.

तिठ्याचा दुसरा परिणाम म्हणजे गाडीचं तोंड फिरणं. छत्तीसगढ एक्स्प्रेस बिलासपूरहून गोंदियामार्गे येते आणि इटारसीकडे जाते. दोन्ही वाटा स्टेशनच्या उत्तर टोकाला, म्हणून इंजिन दुसऱ्या बाजूला लागतं. काम असं चालतं : आधी इंजिन आणि पहिल्या डब्यामधले अँगल कॉक, म्हणजे ब्रेकची हवा अडवणाऱ्या तोट्या, बंद करायचे, मग हवेच्या नळ्या सोडायच्या, मग दोघांना जोडणारं कपलिंग. दुसऱ्या टोकाला आधी कपलिंग, मग नळ्या, मग कॉक उघडायचे. ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये 5 आणि ब्रेकच्या हवेच्या टाक्या भरणाऱ्या फीड पाइपमध्ये 6 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब भरतो. मग लोको पायलट ब्रेक पाइपचा दाब उतरवतो आणि शेवटच्या डब्यातला गार्ड, म्हणजे आताचा ट्रेन मॅनेजर, आपल्या गेजवरचा काटा पाहतो. काटा पडला नाही तर मधला कुठला तरी कॉक बंद राहिलाय आणि त्याच्या मागचे डबे लोको पायलटच्या ब्रेकला दाद देणार नाहीत, असं समजायचं. दाब चढतच नसेल तर बहुधा नळीच्या जोडातला वॉशर गळतो. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी हलत नाही. चहा सावकाश घ्या. डबे जागचे हलत नाहीत, फक्त पुढचं टोक मागचं होतं, त्यामुळे पुढच्या स्टेशनवर घ्यायला येणाऱ्यांना आपला डबा कुठल्या टोकाला ते कळवा.

आता नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगबद्दल, म्हणजे लाइनी एकमेकींना छेदतात त्या जागेबद्दल. मोहननगरजवळच्या त्या जागी चार दिशांच्या गाड्या भेटतात, हे कौतुकाने सांगितलं जातं. भेटतात कसल्या, एकमेकींना छेदून जातात. तिथे टंग रेल, म्हणजे गाडी दुसऱ्या लाइनवर वळवणारा सरकता रूळ, नाही, त्यामुळे गाडीला लाइन बदलता येत नाही. दोन रुळांना दोन रूळ छेदले की चार जागी खाच ठेवावी लागते. दुहेरीला दुहेरी छेदली तर सोळा. प्रत्येक खाचेवर चाक आदळतं, तोच तो खडखडाट. कडा झिजतात, बोल्ट ढिले होतात, खालची खडी दबते, म्हणून तिथून गाडी हळू काढतात.

आता सोयीचं. प्लॅटफॉर्म 1 पश्चिमेला, मुख्य इमारतीला लागून. 8 पूर्वेला, संत्रा मार्केटच्या बाजूला. इतवारी, महाल, गांधीबागेकडून येणाऱ्यांनी टेकडी गणपतीकडून वळसा घालू नये, पूर्वेच्या दारानेच यावं. आणि तिकिटावर इतवारी की नागपूर, हे निघण्याआधी वाचा. इतवारी स्टेशन वेगळं आहे, आणि ते दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे.