टोटेम खांब पाहायचा, तर आधी मागून

(दृश्य: पाऊस. उंच खांबाची पाठ.)

अलास्कातलं केचिकन. शहराच्या उत्तरेला 16 किलोमीटरवर टोटेम बाइट उद्यान. समोर टोटेम खांब आहे, म्हणजे एखाद्या कुळाच्या गोष्टीतले प्राणी कोरलेला लाकडी खांब, आणि आपण मुद्दाम त्याच्या मागे उभे आहोत. पुढे डोमकावळा, अस्वल, बेडूक असतील. मागे दिसते ती पन्हळ. मोठ्या ओंडक्याची पाठ अशी कोरून पोकळ करतात. वजन घटतं हे खरंच, पण भेगांचा हिशेब जास्त महत्त्वाचा. वाळताना लाकूड परिघाच्या दिशेने जास्त आकसतं, गाभा आड येतो आणि उभी चीर पडते. गाभाच काढला की ताण मोकळा होतो, कोरलेले चेहरे वाचतात.

(दृश्य: वाकस चालतो आहे, ढलप्या उडताहेत.)

लाकूड लाल सीडरचं. मऊ, सरळ रेषांचं, बुरशीला सहजी दाद न देणारं. साल आणि तिच्याखालचा फिकट थर आधी काढायचा, कारण हा थर लवकर कुजतो. मग वाकस. आपल्या सुतारांकडे असतो त्याच जातीचा, पातं दांड्याला आडवं. बारीक कामाला वाकड्या पात्याची सुरी. तिरपा उजेड पडला की वाकसाच्या खुणा ओळीने दिसतात, खवल्यांसारख्या. बरेच कारागीर त्या मुद्दाम ठेवतात.

(दृश्य: खांब समोरून. कॅमेरा चोचीवर.)

आता पुढे या. चोच सरळ असेल तर डोमकावळा, टोकाला खाली वळली असेल तर गरुड. पुढचे दोन मोठे दात आणि जाळीदार शेपटी म्हणजे बीव्हर. पाठीवर उंच पर असेल तर किलर व्हेल. प्राणी ओळखले म्हणजे गोष्ट वाचली, असं मात्र नाही. ती गोष्ट ज्या कुळाचा खांब, त्याच्या मालकीची. कोणी सांगायची हेही ठरलेलं.

टोटेमला मराठीत आपण देवक म्हणतो. अर्धं बरोबर आहे. एकच देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही, तसंच इथल्या, दोन बाजूंत विभागलेल्या त्लिंगित समाजात डोमकावळ्याच्या बाजूचा माणूस परंपरेने पलीकडच्या, म्हणजे गरुडाच्या बाजूलाच लग्न करतो. फरक दोन: कूळ आईकडून येतं आणि खांबाची पूजा होत नाही. पूर्वी मिशनऱ्यांनी खांबांना मूर्ती समजून बरीच नासधूस केली.

(दृश्य: खांबाचं टोक. शेवाळ, त्यात उगवलेलं रोप.)

इथे पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर. रत्नागिरीची आठवण येईल, पण हा पाऊस चार महिन्यांचा नाही, बारमाही. लाकडाच्या उघड्या टोकातून पाणी आत उतरतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, रोपाची मुळं भेग रुंदावतात. बुंधा जमिनीच्या पातळीलाच आधी कुजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून डोक्यावर टोपण बसवायचं, शेवाळ मऊ ब्रशने काढायचं. जोराच्या फवाऱ्याने धुतलं तर लाकडाचे तंतूच उचकटतात. रंगाचे जाड थर चढवणं त्याहून वाईट: आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं.

1938 पासून वनखात्याने स्थानिक कारागिरांना कामावर घेऊन ओसाड गावांतले खांब दुरुस्त करून घेतले. फारच कुजलेला खांब नव्या ओंडक्याशेजारी आडवा ठेवून त्याची प्रत कोरली. जुने रंग तांब्याचे खडे, ग्रॅफाइट, शिंपले आणि सामन माशाची अंडी वापरून आधी करून पाहिले, मग त्या छटा बाजारच्या रंगांत जुळवल्या. म्हणजे या उद्यानात दिसतात त्यांतले बरेच खांब विसाव्या शतकातले.

(दृश्य: टोटेम हेरिटेज सेंटर, मंद उजेड.)

एकोणिसाव्या शतकातले मूळ खांब शहरात, 1976 साली उघडलेल्या या केंद्रात आहेत. ओल्ड कसान, टोंगस बेट, व्हिलेज बेट इथून आणलेले. त्यांना ना नवा रंग, ना डागडुजी. करड्या लाकडावर डोळ्याची खोबण अजून स्पष्ट आहे. चोच गळून गेली, तिथे ती बसवायची चौकोनी खाच तेवढी उरली आहे.