डिप्लोमा नसलेल्या वनाधिकारी

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस तोंडावर आला की आपल्या दारात दोन पावतीपुस्तकं येतात. एक माणसांसाठी, पूरग्रस्तांना धान्य, पांघरुणं, औषधं. दुसरं झाडांसाठी, रोपं लावा, रोपं दत्तक घ्या. देणाऱ्याला वाटतं, ही दोन निरनिराळी कामं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आहे केनियातली एक संस्था. ग्रीन बेल्ट मूव्हमेंट. १९७७ साली वांगारी मथाई यांनी ती सुरू केली.

वांगारीबाई नैरोबी विद्यापीठात पशुवैद्यक विषय शिकवायच्या. गोचिडांवर संशोधन करायला खेडोपाडी जायच्या. तिथं त्यांना दिसल्या बरगड्या निघालेल्या गाई आणि लाल मातीनं गढूळ झालेल्या नद्या. पुढे महिला परिषदेच्या कामात खेड्यातल्या बाया भेटल्या. त्यांचं गाऱ्हाणं एकच: सरपण नाही, पाणी लांब. सरपण नाही म्हणून जे झटकन शिजतं तेच चुलीवर चढायचं. चुलीवर कडधान्य शिजवलेल्यांना मी वेगळं सांगायला नको, त्याला किती लाकूड लागतं ते. मग मुलांच्या पोटात काय, तर पाव आणि चहा. म्हणजे डोंगरावरचं झाड गेलं आणि मूल उपाशी राहिलं. पुन्हा सांगते, झाड गेलं आणि मूल उपाशी राहिलं.

आता मला फार आवडणारी गोष्ट. केनियाची लोकसंख्या तेव्हा दीड कोटीच्या आसपास. बाईंनी ठरवलं, माणशी एक झाड. म्हणजे दीड कोटी रोपं! त्या थेट वनखात्याच्या मुख्य अधिकाऱ्याकडे गेल्या. त्याला हसूच आवरेना. म्हणाला, हवी तेवढी न्या, फुकट न्या. या बाया नेऊन नेऊन किती नेणार? आणि वर्षही उलटलं नाही तोच त्याच साहेबांना सांगावं लागलं, आता पैसे मोजा, तुम्ही फारच रोपं नेताय.

शिवाय सरकारी रोपवाटिका लांब. खेड्यात पोचेपर्यंत रोपं माना टाकायची. तेव्हा ठरलं, बायांनी आपली रोपं आपणच तयार करायची. शिकवायला वनखात्याची तज्ज्ञ मंडळी आली. त्यांनी सुरुवात केली: जमिनीचा उतार किती, ऊन कोणत्या बाजूनं येतं, वाफा किती खोल, मातीत खडी किती, अवजारं कोणती. समोर बसलेल्या बहुतेक बायांना अक्षरओळख नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या.

वांगारीबाईंनी हे पाहिलं आणि तज्ज्ञांना बाजूला ठेवलं. बायांना त्यांनी एवढंच सांगितलं की मका पेरता, घेवडा पेरता, तसंच हेही बी आहे, मातीत टाका. मग काय! बायांनी घरातली फुटकी मडकी काढली. त्यांत माती भरली, बी टाकलं आणि कोंबड्या-शेळ्यांचं तोंड पोचणार नाही अशी ती उंचावर ठेवली. डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, झाली झारी. पाऊस पडून गेल्यावर रानात कुठलं बी कसं रुजतं, ते हेरून ठेवलं. आणि रोपं आली! हजारोंनी आली. अशा बायांना नावच पडलं, डिप्लोमा नसलेल्या वनाधिकारी.

आता ऐका, कारण सगळं मर्म इथं आहे. संस्था या बायांना दर रोपामागे चार अमेरिकन सेंट द्यायची. रक्कम अगदी किरकोळ, पण पैसे लावलेल्या रोपाचे नव्हते. जगलेल्या रोपाचे होते. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. त्या काळात आणि त्या घरांत तेवढे पैसेही बाईच्या स्वतःच्या हातात येणं ही मोठी गोष्ट होती. संस्थेच्या हिशेबानं आजवर ५ कोटींहून जास्त झाडं लागली आहेत.

म्हणून झाडांसाठी कुणी पैसे मागितले तर जरूर द्या, पण विचारा: तीन वर्षांपूर्वी लावलेली कुठं आहेत? चला, दाखवा. खड्ड्याशेजारचा नावाचा फलक मला दाखवू नका. ते फलक तर मला बघवतच नाहीत.

आणि झाड कुठलं लावता हेही विचारा. इंग्रजांच्या काळात केनियातल्या डोंगरांवरचं मूळचं रान तोडून पाइन आणि निलगिरी लावले गेले आणि ओढे आटत गेले. आपल्याकडेही टेकड्यांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही बाहेरची झाडं लावून हिरवं दिसलं म्हणून आपण खूश होतो. वांगारीबाईंच्या घराजवळ मुगुमोचं झाड होतं, उंबराच्या जातीचं. ते देवाचं झाड, त्याची काटकीसुद्धा सरपणाला आणायची नाही, असं आईनं लहानपणी बजावलेलं. आपण मात्र वटपौर्णिमेला वडाची फांदी तोडून बाजारात विकतो, आणि सुशिक्षित घरांत ती विकत घेऊन कुंडीत खोचून पूजा होते! हे बंद व्हायला हवं, मी दरवर्षी सांगते आणि यंदाही सांगते. असो, विषयाकडे येते.

१९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये ६० मजली इमारत उभी करायचं सरकारनं ठरवलं. वांगारीबाईंनी पत्रांमागून पत्रं लिहिली. संसदेत त्यांची टिंगल झाली, संस्थेला सरकारी जागेतलं कार्यालय सोडावं लागलं, पण शेवटी इमारत बारगळली. बाग वाचली. तीन वर्षांनी, १९९२ मध्ये, राजकीय कैद्यांच्या आया त्याच बागेत उपोषणाला बसल्या, पोरांना सोडा म्हणून. वांगारीबाई त्यांच्यात होत्या. पोलिसांनी मारहाण केली, त्या बेशुद्ध पडल्या. आयांना तिथून उठवलं तर त्या जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसल्या आणि जवळजवळ वर्षभर हलल्या नाहीत. १९९३ च्या सुरुवातीला त्यांची बहुतेक सगळी मुलं सुटली. झाडांसाठी वाचवलेली बाग अशी माणसांच्या कामी आली, म्हणून म्हणते, ही दोन निरनिराळी कामं नाहीत. नमस्कार.